भावाशी बोलायचं नसतं

फिलिमोनीने कमरेला गुंडाळलेल्या सुलूची घडी गुडघ्यावर हळूच उलगडली आणि वासितीचं पेन थांबलं. घडीत चिठ्ठी होती. ती आणखी पाच-सहा जणांनी पाहिली, आणि जो तो आपल्या उत्तरपत्रिकेत डोकं खुपसून बसला. मोठे सोवळे!

परीक्षेवर देखरेखीला आलेले विजेंद्र सर लांबच्या खिडकीपाशी होते. सकाळी सुवा शहराहून आलेल्या बोटीतून उतरताच त्यांनी बजावलं होतं, "कॉपी सापडली, तर पुन्हा कधीच परीक्षेला बसता येणार नाही. आणि जो बोलेल, त्याचा आजचा पेपर गेला."

फिलिमोनी वासितीचा चुलत भाऊ, म्हणजे भाऊच. आणि वयात आलेल्या बहिणीने भावाशी बोलायचं नसतं. जेवताना मीठ हवं असलं, तरी ते धाकट्यांकरवी मागायचं.

तिने मागच्या बाकावरच्या जोनेकडे, मामेभावाकडे, मान वळवली; मामेभावाशी बोललेलं चालायचं. "त्याला सांग ना, लपव म्हणावं."

"तुझ्या भावाच्या सुलूला अक्कल फुटलीय, तर मी का मरू?" जोने पुटपुटला.

सर वळले. बाकांमधून चालत येऊ लागले. फिलिमोनीची मान खालीच. हा शेवटचा पेपर, मग वासिती नर्सिंगला सुवाला जायची होती. आईने तिची पेटीसुद्धा भरून ठेवली होती. सर अगदी जवळ आले, आणि तिला राहवेना.

"दादा!"

फिलिमोनीचा हात चटकन सुलूवर पडला.

"कोण ओरडलं?"

वासिती उभी राहिली.

"कुणाला हाक मारलीस?"

तिने पेनाला टोपण लावलं. सरांनी वर्गाकडे पाहिलं. "हिचा भाऊ कोण?"

"मी, सर." फिलिमोनी बसूनच म्हणाला. "पण ती मला हाक मारणार नाही. आमच्यात बहीण भावाशी बोलत नाही."

सरांचा जन्म याच बेटांवर गेला होता. त्यांनी मान डोलावली. "पेपर ठेव, पोरी. बाहेर हो."

तिने अर्धा कोरा पेपर टेबलावर ठेवला. जाताना फिलिमोनीच्या बाकाशी तिचं पाऊल अडखळलं. आता गमावण्यासारखं उरलं होतं तरी काय?

"निदान तू तरी पास हो, दादा," ती ओठातल्या ओठात म्हणाली.

फिलिमोनीने तिच्याकडे पाहिलंही नाही. रीत त्याने शेवटपर्यंत पाळली.