कोरं चामडं

अंध आई आडोशासाठी चामड्याचे उभे, घडीचे पडदे करायची. मागून बोथट आरी दाबली की पुढे ब्रेलचे ठिपके उठायचे. शेवटच्या पडद्यावरची ओळ अर्धी सोडून, त्याचा तिसरा भाग कोराच ठेवून ती गेली.

"देऊन टाक गं आता," मावशी म्हणाली. "पडद्याशी का संसार करणारेस? गिऱ्हाइकाचा टेम्पो खाली खोळंबलाय."

लेकीने निरोपाचा हात त्या कोऱ्या चामड्यावरून फिरवला. बोटाखाली एक ठिपका वर आला. मग त्याच्या शेजारी दुसरा, आईच्याच संथ लयीत.

तिने मागे डोकावलं. तिथे कुणीच नव्हतं. चामड्यात मात्र एकेक खळगा पडत होता.

"मावशी, टेम्पो परत पाठव."

"आता काय झालं?"

"ओळ पुरी व्हायचीय अजून."