व्हरांड्याची दोन टोकं

नत्थुजींच्या फुप्फुसाच्या कॅन्सरवरचे उपचार संपले, तरी कंबरदुखी थांबेना. म्हणून अकोल्याला बोन स्कॅन झाला. इंजेक्शन देतानाच नर्सनं बजावलं होतं, “यात किरणं असतात, आज गरोदर बाईजवळ जाऊ नका.” डॉक्टरांनी पडद्यावर मणक्यावरचे, खुब्यावरचे काळे डाग दाखवले. कॅन्सर हाडांत पसरला होता. नत्थुजी भिंत धरत बाहेर आले. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेली गरोदर लेक साधना पोट सावरत उठली. “बाबा, काय मनलं डॉक्टरनं?” ती पुढे आली. “मांगं सर! लेकराले धोका हाये!” नत्थुजी ओरडले. तिच्या खांद्यावर डोकं टेकवावंसं वाटत होतं त्यांना. ती थबकली, रडत म्हणाली, “मंग तिथूनच सांगा, पण सांगा.” मधे माणसांची गर्दी होती. नत्थुजींनी उरलासुरला दम गोळा केला आणि सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं, “हाडात गेला व माय, हाडात!”