सासऱ्यांचा हौद

"आधी हौदात बसा, मग मुलीचं बोलू," क्योतोतल्या सार्वजनिक न्हाणीघराचे मालक म्हणाले. त्यांच्या घरची रीतच होती: कढत पाण्यात टिकेल तो जावई.

मागणी घालायला आलेला होसोमी पंचा सावरत उभा होता. प्रयोगशाळेत तो कोटी कोटी अंशांचा प्लाझ्मा, म्हणजे सूर्यासारखा धगधगता वायू, चुंबकांच्या पाळण्यात झुलवायचा. इथे नुसता अंगठा बुडवला आणि शेपूट तुडवलेल्या मांजरासारखा केकाटला.

"आणि म्हणे सूर्य बनवतात!" म्हातारा फिदीफिदी हसला.

"सासरेबुवा, आमचा सूर्य भिंतीला शिवला की विझतो. शिवू न देणं हेच माझं काम!"

"सासरेबुवा अजून झालो नाही. बसा!"

तेवढ्यात बायकांकडच्या आडभिंतीवरून मुलीचं खुदकन हसू आलं, पाठोपाठ हौदात बादलीभर गार पाणी. होसोमी बसला, म्हातारा भिजलेलं डोकं पुसत बसला.

पुढे होसोमींच्या प्लाझ्माचं जगभर नाव झालं, न्हाणीघरही त्यांच्याकडे आलं. लेकीला मागणी आली, तेव्हा त्यांनीही मिशीत हसू दाबून हौद दाखवला.

मुलगा उतरला आणि दात वाजवत ओरडला, "सासरेबुवा, पाणी बर्फासारखं आहे हो!"

सकाळपासून होसोमी आणि त्यांची बायको, दोघंही एकमेकांना न सांगता, हौदात गार बादल्या ओतत होती.