कानबाईचा रोट

लिंबायतच्या गल्लीत कानबाई देवीसमोर बायकांचा फेर रंगला होता, तेवढ्यात वैभव चार पोरं घेऊन मांडवात शिरला. संस्कृतीरक्षणाचं काम ही मंडळी सणासुदीलाच करत. एरवी त्यांना सवड नसे.

फेरातल्या उज्ज्वलाचे पाय थबकले. साडी नेसायला लागून तिला चार वर्षं झाली होती, पण आधार कार्डावर ती अजून लोटू नावाचा पुरुषच होती.

"बायकांत नाचतो काय रे? चल बाहेर!" वैभवने तिचा दंड धरला. ढोल थांबला.

"सोड तिला. घरचं माणूस आहे," धुरपदाबाई म्हणाल्या. कानबाई त्यांच्याच घरी बसवली होती.

"कोण लागतो हा तुमचा?"

धुरपदाबाईंनी नैवेद्याचा रोट मोडला आणि सरळ उज्ज्वलाच्या तोंडात घातला. हा रोट भाऊबंदांनीच खायचा. लेकीच्या सासरच्यांनासुद्धा त्यातला कण मिळत नाही.

"झाली आमच्या भाऊबंदांतली. उद्या मी मेले तर हिलाही दहा दिवस सुतक. आता लाव हात, बघते!"

देवीच्या रोटाशी भांडायचं कसं, हे वैभवला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने दंड सोडला. पोरं आल्या वाटेने गेली.

उज्ज्वला मात्र फेरात परतली नाही. चार वर्षं वाढवलेली वेणी मुठीत धरून तिने हळूच विचारलं, "काकू, सुतकात भाऊबंदांचं मुंडण करतात ना? मग माझंही करतील?"

"बायकांचं नाही करत, माय."