कुठल्याही मशीनवर बसेल असा

“हा पॅलेट इथून उचलून त्या मशीनवर ठेवला, तर पुन्हा डायल लावावा लागेल का?” वहिनींनी विचारलं.

विक्रेता हसला. आधीच्या दोघांनाही त्यांनी हेच विचारलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

धाकटा हात बांधून बाजूला उभा होता. दादा गेल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. कुणी काही विचारलं की मान हलायची, हात कामाला लागायचे, आत मात्र सगळं बंद. बायको म्हणायची, तुमच्याशी बोलणं आणि भिंतीशी बोलणं सारखंच. भिंत निदान जेवायला तरी मागत नाही. त्यावरही तो मान हलवायचा.

कारखाना लहानच. दोन मशिनं, एक दादाचं आणि एक त्याचं. येईल तो सुटा भाग कापून द्यायचा, पण घर चालायचं ते पंपवाल्यांच्या कामावर. ते काम दादाच्या शब्दावर मिळालं होतं आणि धाकट्याच्या हातावर टिकलं होतं. कुठला तुकडा कसा पकडायचा, हे त्याच्या हातांना ठाऊक. पण दर वेळी व्हाइस खोलायचा, तुकडा बांधायचा, मापाचा डायल लावून तो सरळ करायचा, यात अर्धी सकाळ जायची आणि मशीन नुसतं उभं राहायचं. पॅलेट म्हणजे पोलादी पाट; ते असले की तुकड्याची पकड एकदाच त्यावर बांधून ठेवता येते. मग तो पॅलेट मशीनवर बसवलेल्या बेस प्लेटवर ठेवायचा, किल्ली आवळायची, काम सुरू.

पॅलेट घ्यायचं टुमणं वहिनींनी लावलं होतं. त्याचंच त्याला नवल वाटलं. नातेवाईक कधीचे कान भरत होते, बाई आज ना उद्या वाटणी मागणार. वाटणी झाली की पंपवाले थांबायचे नाहीत आणि पंपवाले गेले की कुलूपच, हे त्याला दिसत होतं. भीती वाटायला हवी होती. ती वाटत नव्हती. नुसती झोप येत नव्हती.

पहिल्या विक्रेत्याचा संच हवेच्या दाबावर चालणारा होता. बटण दाबलं की पॅलेट जखडायचा. धाकट्याला तो आवडला. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, एवढ्या नळ्या, उद्या मशीन हलवायचं झालं तर सगळं उचकटत बसा. दुसऱ्याचा संच स्वस्त, पण त्याचा पॅलेट ज्या बेसबरोबर जुळवला असेल, तिच्यावरच बसायचा. वहिनींनी त्याला पाणी विचारलं आणि वाटेला लावलं.

“कुठल्याही बेसवर ठेवा, ताई,” हा तिसरा म्हणाला. “केसभर फरक पडणार नाही.”

वहिनींनी पॅलेट त्याच्या हातून घेतला, खालच्या खुंट्या पुसल्या आणि स्वतःच बेसवर ठेवला. आवाजही झाला नाही. कारखाना सुरू झाला तेव्हा दादाबरोबर मशीनवर त्याच उभ्या असायच्या. धाकटा हाताशी आल्यावर त्या टेबलाशी बसल्या. बिलं आणि चहा त्यांच्याकडे आला.

“म्हणजे दोन मशिनं एकच झाली म्हणायची,” त्या म्हणाल्या.

धाकट्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. वाटणी मागणारी बाई असं बोलत नाही. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग पाटीचं वहिनींनी मनाला लावून घेतलं नाही म्हणायचं.

पाटीचं तो विसरूनच गेला होता. दादा गेल्यावर त्याने दारावरची दादाच्या नावाची पाटी काढून स्वतःच्या नावाची लावली होती. येणारा जाणारा विचारायचा, दादा दिसत नाहीत? दर वेळी तेच वाक्य बोलावं लागायचं, आणि त्याला तेवढं एक वाक्य टाळायचं होतं. वहिनींना विचारायचं सुचलं नाही. त्या सकाळी त्या दारातच थांबल्या होत्या.

“जुनी टाकणार का?”

“ठेवून काय करायची?”

“मग मी नेते.”

फडक्याने पुसून त्यांनी ती काखेत घेतली होती. पुन्हा विषय काढला नव्हता.

तिसऱ्याचाच संच ठरला. पैसे वहिनींनी घातले, म्हणून बिलही त्यांच्याच नावावर झालं. खोक्यातून दोनऐवजी तीन बेस प्लेट निघाल्या. वहिनी म्हणाल्या, असू द्या, एखादी बिघडली तर. त्याने मान हलवली.

मग कितीतरी दिवस तो पकडी बांधत राहिला. हातांना जे जे ठाऊक होतं, ते पंपाच्या एकेका भागासाठी एकेका पॅलेटवर उतरवत गेला. वहिनी शेजारी उभ्या असायच्या. हा टेकू इथेच का, हा बोल्ट शेवटी का आवळायचा, असं विचारायच्या. तो सांगायचा. दादा गेल्यापासून तो कुणाशी एवढं बोलला नव्हता. शेवटचा पॅलेट रॅकवर चढला, तेव्हा त्या बराच वेळ रॅककडे बघत राहिल्या.

“आता कुणालाही जमेल, भाऊजी. तुमचे हात मोकळे.”

तो चक्क हसला. बायको तिथे असायला हवी होती.

सोमवारी रॅक रिकामा होता. पॅलेटवर आकडे कोरून आणायचे, असं वहिनी म्हणाल्या होत्या. तेवढ्यासाठीच गेल्या असतील, असं समजून तो दादाचं मशीन पुसत बसला. थोड्या वेळाने संच पुरवणाऱ्यांचा फिटर पाहणीला आला. त्याने दोन्ही बेस तपासल्या, किल्ली फिरवून पाहिली.

“दोन्ही ठणठणीत,” तो हात पुसत म्हणाला. “तिसरीही काल बसवून दिली. पंपवाल्यांचे साहेब उभेच होते. सगळे पॅलेट एकेक करून चढवले, एकदाही डायल लावावा लागला नाही.”

“कुठे?” धाकट्याने विचारलं.

“तुमच्या त्या नव्या शेडमध्ये. पत्ता काही नीट कळला नव्हता मला. पण शोधत बसावं लागलं नाही, दारावर दादांच्या नावाची पाटी आहे ना.”