रथसप्तमीची भाकर
रथसप्तमीला सूर्य दिसल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा नेम सासूनंच घालून दिलेला. साठ सालच्या त्या रथसप्तमीला पहाटेपासून आभाळ भरलेलं होतं, आणि वावरात कापसाचा शेवटचा वेचा चालू होता. सासूसुनेची भाकर फडक्यात बांधलेली तशीच राहिली. दिवस कलल्यावर सुभद्रा कापसाच्या ढिगाला टेकली आणि तिथंच तिचा डोळा लागला. तेवढ्यात ढग बाजूला सरले. ऊन तिच्या तोंडावर, बोंडांनी ओरबाडलेल्या बोटांवर पडलं. सासू सूर्याला हात जोडून सुनेला उठवायला वाकली आणि तशीच मागं झाली. आभाळ पुन्हा मिटलं. सुभद्रा दचकून उठली. “आत्याबाई, दिसला का?” “येऊन गेला.” “मंग मले काहून नाही उठवलं?” सासूनं फडक्याची गाठ सोडली आणि भाकर तिच्या हातावर ठेवली. “तुनं त्याले नाही पाह्यलं, पण त्यानं तुले पाह्यलं. खाय आता.”