उजव्या हाताला बसलेली

पुष्पावती आली आणि सगळ्या मोकळ्या जागा सोडून छबूबाईच्या उजव्या हाताला बसली.

केडगावात रोहिणीच्या घरी दर शुक्रवारी दुपारी बायकांची उपास-प्रार्थना असते. रोहिणी चर्चच्या पाळकांची बायको. सतरंजीवर गोल करून बसायचं, शेजारणीचा हात धरायचा आणि प्रत्येकीनं आपल्या उजवीकडच्या बाईसाठी मोठ्यानं प्रार्थना करायची, अशी तिथली रीत. म्हणजे आज पुष्पावतीसाठी छबूबाईनं मागायचं होतं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

पुष्पावतीचा नवरा काकासाहेब. नागापूरला त्याचं वर्कशॉप. काम भरभर उरकावं म्हणून त्यानं मशीनच्या पट्ट्यावरची जाळी काढून ठेवली होती. त्या पट्ट्यानं तिथं कामाला असलेल्या छबूबाईच्या लेकाला, शांतवनला ओढून घेतलं आणि तो जागीच गेला. "पोरगा दारू पिऊन आला होता," असं काकासाहेबानं पोलिसांना सांगितलं. शांतवननं कधी सुपारीसुद्धा तोंडात टाकली नव्हती.

तेव्हापासून चर्चच्या मंडळीतले लोक छबूबाईची समजूत घालायचे. देव तुझ्यासोबत आहे, मावशी, आता सोडून दे. ती म्हणायची, "सोबत हाय म्हनूनच त्याला सांगती. नसता, तर कुनाला सांगितलं असतं?" आणि ती रोज उठून एकच सांगायची. ज्या जिभेनं माझ्या लेकरावर आळ घेतला, ती जीभ लुळी पाड.

गेल्या आठवड्यात काकासाहेबाला झटका आला. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. बातमी कळली तेव्हा छबूबाई भाकरी थापत होती. "ऐकलंस रे बापा," ती म्हणाली आणि शांतवन गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

"सलाम, छबूबाई," पुष्पावती म्हणाली.

छबूबाईनं सलाम घेतला नाही.

"मावशी, जागा बदलायची का?" रोहिणीनं हळूच विचारलं.

"कशाला? बसू द्या की." छबूबाईनं पुष्पावतीकडे मान वळवली. "माजंच मागनं भोवलंय गं तुज्या नवऱ्याला. ठाव हाय का तुला?"

"व्हय," पुष्पावती म्हणाली. "म्हनून तर तुमच्याशेजारी बसले. तुमचं ऐकतोय देव."

कुणीतरी खोकलं. मग सगळ्यांनी हात धरले. एकेकीची प्रार्थना होत होत पाळी जवळ येत चालली. पुष्पावतीचा हात घामानं ओला झाला होता. छबूबाईनं तो असा धरला होता, की जरा सैल केला तर निसटून जाईल. मनातल्या मनात तिनं शब्द जुळवून ठेवले होते. डोळेही आंधळे कर. हातपायही ने. घरात कुणी पाणी पाजायला ठेवू नको.

पाळी आली. तिनं डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "काई बोलतो का?"

"न्हाई. नुसता घशातून आवाज काढत्यात. तुमच्या शांतवनचं नाव निगालं, की लई धडपडत्यात. कायतरी सांगायचंय त्यांना. पन शब्दच फुटत न्हाई."

छबूबाईनं जुळवून ठेवलेले शब्द बाजूला सारले.

हा माणूस असाच मुक्यानं गेला, तर शांतवन जगाच्या तोंडी कायमचा दारुडा राहणार होता.

"प्रभू," ती म्हणाली, "तू हितंच हायेस. त्या दिशी मशीनपाशी बी हुतास. माजं लेकरू प्यालेलं नव्हतं, ह्ये तू बगितलंस. ह्या बाईच्या नवऱ्याला मारू नको. इतक्यात सुटू देऊ नको त्याला. त्याची जीभ त्याला परत दे. रविवारी समद्या मंडळीपुढं उभा कर, आन् खरं बोलल्याबिगर खाली बसू देऊ नको. मग तुला काय करायचं ते कर."

रोहिणीनं डोळे उघडले. याला काय म्हणायचं, ते तिलाही कळेना.

पुष्पावतीनं छबूबाईचा हात घट्ट आवळला आणि सगळ्यांच्या आधी, खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन."